अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरची बंदूक कशी पाठवावी

ओहायोच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका काकांनी १९७४ साली गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून बारा बोअरची एक दुनळी बंदूक विकत घेतली होती. परसातल्या भेंडी-वांग्यांच्या वाफ्यांखाली बिळे करणाऱ्या ग्राउंडहॉगवर त्यांनी ती दोन-चार वेळा झाडली, पुढे काही वर्षे मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करायला नेली आणि नंतर ती कपाटात गेली ती गेलीच. घर विकून लहान अपार्टमेंटमध्ये राहायला जाण्याची वेळ आली, तेव्हा कोलोरॅडोत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने आठवण म्हणून ती बंदूक मागितली. काकांनी मला फोन करून विचारले, "ब्लँकेटात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकतो आणि दिवाळीला तिच्याकडे जाईन तेव्हा देतो, चालेल ना?" ते चालले नसते. वडिलांनी मुलीला स्वतःची, पूर्ण कायदेशीर रीतीने घेतलेली वस्तू हातात देणे हा त्या क्षणी संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरला असता आणि त्याची शिक्षा ५ वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे.

काकांचे पुढचे काम मी त्यांच्यासोबत बसून पूर्ण केले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे आणि हाच प्रश्न इतर घरांतही येत असल्यामुळे ती रीत येथे क्रमाने लिहीत आहे. मी वकील नाही. जेथे व्हिसाचा, जुन्या खटल्याचा किंवा मृत्युपत्राचा प्रश्न असेल तेथे वकिलाला पैसे मोजून विचारणे हेच शहाणपणाचे आहे.

प्रथम कायदा नेमके काय अडवतो ते समजून घ्यावे

भारतातून आलेल्या माणसाची समजूत बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाची असते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्यावर शस्त्राची नोंद होते, त्यामुळे काहींना वाटते की येथेही बंदूक "नावावर करून" द्यावी लागेल. उलट, येथील बहुतेक राज्यांत साध्या रायफलीची वा शॉटगनची (काकांच्या दुनळीसारख्या छऱ्यांच्या बंदुकीची) मालकी कोणत्याही सरकारी वहीत नोंदलेली नसते हे कळल्यावर काहींना वाटते की मग घरातल्या घरात दिली तर कोण विचारतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. येथे नोंदीपेक्षा राज्याची सीमा महत्त्वाची असते.

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, ज्याच्याकडे शस्त्रव्यवसायाचा संघराज्याचा परवाना नाही अशा व्यक्तीने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, तसाच परवाना नसलेल्या व्यक्तीला शस्त्र विकणे, देणगी म्हणून देणे, पाठवणे किंवा हाती सोपवणे निषिद्ध आहे. त्याचप्रमाणे आपल्या राज्याबाहेर मिळवलेले शस्त्र घेऊन घरी येणेही घेणाऱ्यासाठी निषिद्ध आहे. म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. या नियमामागे इतिहास आहे. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या रायफलीने झाली ती शिकागोतील एका दुकानातून, टोपणनावाने, टपालाने टेक्ससमध्ये मागवलेली होती. त्यानंतर पाच वर्षे संसदेत घोळ चालला आणि १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर कायदा मंजूर झाला. राज्याबाहेर जाणारे शस्त्र परवानाधारक माणसाच्या हातून आणि त्याच्या वहीतूनच जावे, हा त्याचा गाभा आहे.

या कलमाला नात्याचा अपवाद नाही, ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. आई-मुलगा, नवरा-बायको, सख्खे भाऊ यांपैकी कोणीही असो, सीमा ओलांडली की कायद्याच्या दृष्टीने दोघे परके. गोंधळ यामुळे होतो की अनेक राज्ये स्वतःच्या कायद्यात कुटुंबाला सवलत देतात. उदाहरणार्थ, कोलोरॅडोत खासगी व्यवहारालाही पार्श्वभूमी तपासणी लागते, पण जवळच्या नातेवाइकांमधील खऱ्याखुऱ्या भेटीला त्यातून सूट आहे. ती सवलत दोघेही कोलोरॅडोचे रहिवासी असतील तरच कामाची आहे. काकांच्या मुलीने हीच सवलत इंटरनेटवर वाचून "बाबा, आपल्याला काही लागत नाही" असे सांगितले होते.

परवानाधारकाला मध्ये न घालता शस्त्र थेट देण्याचे, संघराज्याच्या कायद्यातील अपवाद दोनच आहेत. पहिला, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेले शस्त्र, ज्याविषयी पुढे लिहिले आहे. दुसरा, कायदेशीर क्रीडेसाठी तात्पुरते उसने देणे. मुलगी ओहायोला आली, वडिलांची बंदूक घेऊन दुपारभर नेमबाजी केली आणि संध्याकाळी परत दिली, तर त्यात गैर काही नाही. "उसनी देतो, परत कधी द्यायची ते बघू" असे म्हणून ती वर्षानुवर्षे मुलीच्या घरात ठेवणे मात्र या अपवादात बसत नाही.

घेणारा शस्त्र बाळगण्यास पात्र आहे का

एका वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेली व्यक्ती, काही प्रकारच्या न्यायालयीन संरक्षण आदेशाखाली असलेली व्यक्ती, न्यायालयाने वा अधिकृत मंडळाने मनोरुग्णालयात पाठवलेली व्यक्ती आणि अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारी व्यक्ती यांना शस्त्र बाळगता येत नाही. शेवटच्या प्रकारात गांजाही येतो. कोलोरॅडोत गांजा दुकानात उघड मिळतो, पण संघराज्याच्या कायद्याला ते मान्य नाही आणि दुकानातून शस्त्र घेताना भरायच्या अर्जावर तसे ठळकपणे छापलेले असते. तरुण मुलांना हे आधी विचारावे. प्रश्न अवघडल्यासारखा वाटला तरी अर्जावर खोटे लिहिणे त्याहून अवघड ठरते.

आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा व्हिसाचा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याची मनाई आहे. या मनाईला काही मर्यादित अपवाद असून त्यांतला सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच आहे: अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही. "बाळगणे" याचा अर्थ मालकी असा नव्हे, हातात धरणे असा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑफिसच्या मित्रांबरोबर शनिवारी शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने गोळ्या झाडणारा एच-१बीवरचा तरुण, शिकारीचा परवाना नसेल तर, याच कलमात सापडतो आणि तसा फोटो समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा लिहून देणे होय. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे आणि ते ग्रीन कार्डधारकालाही लागू होते. तेव्हा मुलगा नागरिक असला तरी घरात एच-४ वर आलेली सून किंवा भेटीला आलेले व्याही असतील, तर बंदुकीच्या तिजोरीची किल्ली आणि कुलपाचे आकडे फक्त मुलाजवळ असावेत.

वयाचेही पाहावे. परवानाधारक दुकानातून रायफल किंवा शॉटगन घेण्यास संघराज्याच्या कायद्याने १८ वर्षे आणि पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर घेण्यास २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. अनेक राज्यांनी ही मर्यादा सर्वच शस्त्रांसाठी २१ केली आहे.

राहण्याचे राज्य कोणते

ज्या राज्यात माणूस घर करून राहण्याच्या उद्देशाने प्रत्यक्ष राहतो ते त्याचे राज्य. वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी सत्र चालू असताना कॉलेजच्या राज्याची रहिवासी धरली जाते आणि सुट्टीत घरी आली की आईवडिलांच्या राज्याची. सैन्यात असलेल्या मुलाचे राज्य त्याच्या नेमणुकीच्या ठिकाणाचे. हिवाळा फ्लोरिडात आणि उन्हाळा न्यू जर्सीत काढणारे निवृत्त जोडपे दोन्ही राज्यांचे रहिवासी असू शकते, मात्र एका वेळी ज्या घरात प्रत्यक्ष राहत आहेत त्याच राज्याचे. मुलगा दुसऱ्या राज्यात गेला पण त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता असेल, तर आधी तो बदलून घ्यावा, कारण दुकानदार चालू पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र मागतो आणि त्याशिवाय पुढे सरकत नाही.

शस्त्र कोणत्या प्रकारचे आहे

कायदा दोन गटांत विभागणी करतो. रायफल आणि शॉटगन यांना येथे लाँग गन म्हणतात, तर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांना हँडगन. हँडगन दुसऱ्या राज्यातील नातेवाइकाला द्यायची असेल तर ती घेणाऱ्याच्या राज्यातील परवानाधारक दुकानातूनच द्यावी लागते, दुसरा मार्ग नाही. लाँग गनसाठी आणखी एक सोय आहे. मुलगी स्वतः वडिलांच्या राज्यात आली, तेथील परवानाधारक दुकानात दोघे गेले आणि व्यवहार दोन्ही राज्यांच्या कायद्यांत बसत असेल, तर ती तेथेच ताब्यात घेऊन गाडीने घरी नेऊ शकते. व्यवहारात अनेक दुकानदार याला तयार नसतात, कारण दुसऱ्या राज्याचा कायदा जाणून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

काकांची बंदूक १९७४ ची असल्यामुळे आणखी एक वाट सैद्धांतिकदृष्ट्या उघडी होती. मूळ स्वरूपात असलेले, ५० वर्षांहून जुने शस्त्र संग्राह्य वस्तू मानले जाते आणि संग्राहकाचा स्वतंत्र परवाना असलेल्या व्यक्तीला ते राज्याबाहेरून थेट घरपोच घेता येते. हा परवाना ३ वर्षांसाठी ३० डॉलरला मिळतो. परंतु त्यासाठी अर्ज, प्रतीक्षा आणि आलेल्या-गेलेल्या शस्त्रांची वही ठेवण्याचे बंधन आहे. ज्याला खरोखरच जुन्या शस्त्रांचा संग्रह करायचा आहे त्याने तो जरूर घ्यावा, पण एका बंदुकीसाठी हा खटाटोप करू नये असे माझे मत आहे. १८९८ पर्यंत बनवलेली पुराणी शस्त्रे संघराज्याच्या या कायद्यातून वगळलेली आहेत, तरी राज्याचा कायदा वेगळा असू शकतो. आवाजरोधक, आखूड नळीची शॉटगन किंवा स्वयंचलित शस्त्र घरात निघाले तर काहीही न हलवता वकिलाला फोन करावा, कारण त्यांना १९३४ चा स्वतंत्र कायदा लागू होतो आणि हस्तांतर करण्याआधी सरकारी मंजुरी लागते.

सुटे भाग पाठवताना एवढे लक्षात ठेवावे की ज्या भागावर अनुक्रमांक असतो तो मूळ सांगाडा एकटाच कायद्याने पूर्ण बंदूक मानला जातो. लाकडी दस्ता, दुर्बीण, पट्टा हे मात्र साध्या पार्सलने जाऊ शकतात.

घेणाऱ्याच्या गावातील दुकान गाठणे

परवानाधारक विक्रेत्याला येथे सर्वजण त्याच्या परवान्याच्या (फेडरल फायरआर्म्स लायसन्स) आद्याक्षरांवरून "एफएफएल" म्हणतात. शोध घेणाऱ्याने घ्यावा, देणाऱ्याने नव्हे, कारण शेवटी तेथे उभे राहून अर्ज त्यालाच भरायचा आहे. फोनवर तीन प्रश्न विचारावेत. परवाना नसलेल्या खासगी व्यक्तीकडून आलेले शस्त्र तुम्ही स्वीकारता का? शुल्क किती घेता? आणि पार्सलसोबत कोणते कागद हवेत?

पहिला प्रश्न वगळू नये. कायदा खासगी व्यक्तीला कोणत्याही राज्यातील एफएफएलकडे शस्त्र पाठवू देतो, पण दुकानदाराने ते स्वीकारलेच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. काकांच्या मुलीने प्रथम ज्या दुकानाला फोन केला त्यांनी "आम्ही फक्त दुकानाकडून दुकानाकडे घेतो" असे सांगून फोन ठेवला. दुसऱ्या, लहान दुकानाने होकार दिला. शुल्क साधारणपणे २५ ते ७५ डॉलरच्या दरम्यान असते, पण महानगरांत आणि कडक कायद्याच्या राज्यांत अधिकही घेतात.

दुकान ठरले की त्यांनी आपल्या परवान्याची प्रत देणाऱ्याला ईमेलने पाठवावी, अशी विनंती करावी. त्या प्रतीवरील परवाना क्रमांक एटीएफ या संघराज्याच्या शस्त्र खात्याच्या संकेतस्थळावरील "एफएफएल ईझी चेक" या सोयीत टाकून परवाना चालू आहे का आणि पत्ता तोच आहे का, हे पाहावे. पार्सल त्याच पत्त्यावर पाठवावे. "दुकान बंद असते, माझ्या घरी पाठवा" असे कोणी सांगितले तर ते दुकान सोडून द्यावे.

बांधणे आणि पाठवणे

बंदूक रिकामी आहे याची खात्री दोनदा करावी, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने करावी. दुनळी बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे पाहिले की उजेड आरपार दिसला पाहिजे. काकांच्या बंदुकीच्या नळ्या स्वच्छ होत्या, पण तिच्या जुन्या कॅनव्हासच्या म्यानाला बाहेरून एक खिसा होता आणि त्यात, कागदी टरफल पिवळे पडलेले एक काडतूस निघाले. काकांना ते ठेवल्याचे आठवतही नव्हते. बंदुकीच्या पार्सलात काडतूस जाता कामा नये. टपाल खाते तर काडतुसे मुळीच स्वीकारत नाही. ती घरातच राहू द्यावीत, किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून जमा करावीत.

अनुक्रमांक, कंपनीचे नाव आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. घोड्याला किंवा उघडलेल्या नळीत तारेचे कुलूप घालावे, फेसाच्या अस्तराची कडक पेटी घ्यावी आणि ती पेटी साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवावी. पेटीवर बंदूक कंपनीचे नाव छापलेले असेल तर ते बाहेर दिसता कामा नये. खोक्यावर आत काय आहे हे लिहू नये. वाहतूक कंपनीने तसे लेबल बाहेरून लावायला सांगणे हेच कायद्याने निषिद्ध आहे, आणि त्यामागचा हेतू वाटेतली चोरी टाळण्याचा आहे. पेटीच्या आत एका लिफाफ्यात देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, घेणाऱ्याचे नाव आणि फोन, तसेच "ही बंदूक अमुक व्यक्तीला देण्यासाठी आहे" अशी एक ओळ ठेवावी. हा लिफाफा नसेल तर दुकानदाराला पेटी कोणाची हेच कळत नाही आणि ती महिनाभर मागच्या खोलीत पडून राहते.

पाठवायचे कोणाकडून, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अवघड झाला आहे. यूपीएस आणि फेडएक्स या दोन्ही कंपन्या आता शस्त्रांची पार्सले फक्त परवानाधारकांकडूनच, तीही आधी करार केलेल्यांकडून, घेतात. जुन्या माहितीवर विसंबून त्यांच्या काउंटरवर जाऊ नये, आणि आत काय आहे हे न सांगता पार्सल देऊन येण्याचा विचारही करू नये. रायफल किंवा शॉटगन मात्र सामान्य माणसाला टपाल खात्यातून पाठवता येते. ती रिकामी असल्याचे लेखी देण्यास किंवा पेटी उघडून दाखवण्यास पोस्टमास्तर सांगू शकतो, म्हणून पेटी कायमची चिकटवून न नेता सोबत चिकटपट्टी न्यावी. आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरील बाईंना हा नियमच माहीत नव्हता. त्यांनी आत जाऊन टपाल खात्याचे ५२ क्रमांकाचे प्रकाशन काढून वाचले, आणि मगच पेटी घेतली. त्या प्रकाशनाची संबंधित पाने छापून सोबत नेली असती तर आमची पाऊण तासाची वाट पाहणे वाचले असते. स्वाक्षरी घेऊनच पार्सल द्यावे अशी सेवा आणि योग्य रकमेचा विमा घ्यावा.

हँडगन टपालाने पाठवण्यास सामान्य व्यक्तीला १९२७ च्या कायद्याने बंदी आहे. या बंदीला अलीकडे न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून त्या दिवशीचा नियम टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहावा, पण सोपा मार्ग वेगळाच आहे. आपल्या गावातील एफएफएलकडे पिस्तूल नेऊन द्यावे. तो आपल्या वहीत नोंद करून मुलीच्या गावातील एफएफएलकडे पाठवतो, स्वतःचे शुल्क आणि वाहतुकीचा खर्च घेतो. दोन ठिकाणी पैसे जातात हे खरे, परंतु वृद्ध माणसाला काउंटरवर उभे राहून कायदा समजावून सांगण्यापेक्षा हे बरे. काकांना शॉटगनसाठीही मी पुन्हा कधी हाच मार्ग सुचवीन.

दुकानात काय होते

पेटी पोहोचली की दुकानदार शस्त्राचा अनुक्रमांक आपल्या वहीत चढवतो आणि घेणाऱ्याला बोलावतो. तेथे घेणाऱ्याने स्वतः ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरायचा असतो. भेट असली, पैशाचा व्यवहार नसला, वडिलांचीच बंदूक असली तरीही अर्ज लागतोच. वडिलांना किंवा नवऱ्याला तो तिच्या वतीने भरता येत नाही. नाव ओळखपत्रावर असेल तसेच लिहावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, आडनाव लग्नानंतर बदलले की नाही, यात ओळखपत्र आणि ग्रीन कार्ड यांची गाठ पडत नाही आणि तपासणी तेथेच अडते. ग्रीन कार्डधारकाने आपला ए-नंबर (स्थलांतर खात्याने दिलेला क्रमांक) सोबत न्यावा. जन्मस्थानाच्या रकान्यात भारत लिहिल्याने काही बिघडत नाही.

त्यानंतर दुकानदार एनआयसीएस या, नोव्हेंबर १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय तपासणी यंत्रणेकडे किंवा राज्याच्या यंत्रणेकडे विचारणा करतो. उत्तर तीनपैकी एक येते: पुढे जा, थांबा किंवा नकार. बहुतेकांना काही मिनिटांत "पुढे जा" मिळते. "थांबा" आले तर घाबरू नये. आपल्याकडच्या सर्वसामान्य नावांच्या माणसांना नामसाधर्म्यामुळे ते येते. कामकाजाचे ३ दिवस उलटूनही अंतिम उत्तर आले नाही तर संघराज्याचा कायदा दुकानदाराला शस्त्र देऊ देतो, तरी द्यावेच असे नाही आणि काही राज्ये देऊ देत नाहीत. घेणारा २१ वर्षांखालील असेल तर २०२२ च्या कायद्यानुसार ही मुदत कामकाजाच्या १० दिवसांपर्यंत लांबू शकते. नकार आला तर त्याविरुद्ध दाद मागता येते, पण तोवर बंदूक दुकानातच राहते आणि परत पाठवायची झाल्यास कागदपत्रांची फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणूनच पात्रतेचा प्रश्न घरी आधी सोडवावा, असे वर लिहिले.

काकांच्या मुलीला तपासणीचे उत्तर पंधरा मिनिटांत मिळाले, पण कोलोरॅडोत २०२३ पासून किमान ३ दिवसांची प्रतीक्षा लागू असल्याने सोमवारी गेलेली ती शुक्रवारी बंदूक घेऊन घरी गेली.

राज्यांचे आपापले नियम

येथे मात्र कोणताही एक लेख पुरेसा नाही. आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत लाँग गनसाठी शस्त्रखरेदीचे ओळखपत्र आणि प्रत्येक हँडगनसाठी स्वतंत्र परवानगी लागते. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे राज्याचे शस्त्रधारकाचे ओळखपत्र, आधी काढावे लागते. न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय हँडगन हातात घेणे हाच गंभीर गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात १० दिवसांची प्रतीक्षा आणि शस्त्रसुरक्षेची लेखी परीक्षा आहे. १० पेक्षा अधिक गोळ्यांचे मॅगझिन न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांत चालत नाही. टेक्ससमधील वडिलांकडे वर्षानुवर्षे कायदेशीर असलेली रायफल मुलाच्या राज्यात मुळातच बंदी घातलेल्या यादीत असू शकते. कागदपत्रांना काही राज्यांत महिने लागतात, म्हणून घर विकण्याची तारीख ठरण्याआधीच हे काम सुरू करावे. नियम विचारायचा तो घेणाऱ्याच्या गावातील एफएफएलला. त्याचा धंदाच या नियमांवर चालतो.

मृत्यूनंतरचा मार्ग

मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेले शस्त्र मृत्युपत्राचा व्यवस्थापक दुसऱ्या राज्यातील वारसाला एफएफएलशिवाय देऊ शकतो, मात्र वारस पात्र असावा आणि त्याच्या राज्यात ते शस्त्र बाळगणे कायदेशीर असावे. काही राज्ये वारसालाही ठरावीक मुदतीत नोंदणी करायला लावतात. मृत्युपत्रात "घरातील सर्व सामान" असे मोघम न लिहिता शस्त्राचे वर्णन आणि अनुक्रमांक लिहावा. व्यवस्थापकाला न्यायालयाने दिलेल्या अधिकारपत्राची प्रत आणि मृत्युपत्राची प्रत वारसाने कायम जपून ठेवावी. कायद्याने गरज नसली तरी मी येथेही दुकानाच्या मार्गानेच जावे असे सुचवतो, कारण पुढे कोणी विचारले तर दुकानाच्या वहीतली एक ओळ पुरेशी होते. एकुलता एक मुलगा एच-१बीवर असेल तर व्यवस्थापकाने शस्त्र त्याच्या हाती न देता एफएफएलला विकून रक्कम द्यावी.

स्वतः घेऊन जाताना

हस्तांतर करायचे नाही, स्वतःचीच बंदूक घेऊन शिकारीला किंवा नव्या घरी जायचे आहे, असे असेल तर दुकानाची गरज नाही. शिकारीच्या गावी ती आधी पाठवायची असल्यास पार्सल स्वतःच्याच नावाने, "द्वारा" यजमान असे लिहून पाठवता येते, मात्र ते यजमानाने उघडायचे नाही. गाडीने नेताना १९८६ च्या कायद्यानुसार बंदूक रिकामी, डिकीत, आणि डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत असावी. ग्लव्ह बॉक्स त्यासाठी चालत नाही. विमानाने नेताना ती कुलूप लावलेल्या कडक पेटीत, रिकामी, काउंटरवर जाहीर करून, चेक-इन सामानातच द्यावी लागते.

वाटेत विमान बदलायचे असेल तर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे विमानतळ टाळावेत. २००५ मध्ये युटाचे एक गृहस्थ न्यू जर्सीतील नेवार्कला जोडविमान चुकल्यामुळे रात्री हॉटेलात राहिले. सामान त्यांच्या ताब्यात आले आणि सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर करताच त्यांना अटक झाली. पुढे खटला मागे घेतला गेला, पण त्यांनी पोलिसांविरुद्ध केलेला दावा संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला, कारण रात्रभर पिस्तूल त्यांच्या हाताशी होते आणि त्यामुळे १९८६ च्या कायद्याचे प्रवासातील संरक्षण त्यांना लागू होत नव्हते. अशी वेळ आलीच तर सामान ताब्यात न घेता ते विमान कंपनीकडेच ठेवायला सांगावे.

बंदूक भारतात नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो या लेखातील कोणत्याही मार्गात बसत नाही. त्यासाठी अमेरिकेचा निर्यात परवाना आणि भारतातील शस्त्रपरवाना व आयातीचे नियम असे दोन्ही देशांचे कागद लागतात.

काम पूर्ण झाल्यावर टपालाची पावती, दुकानाच्या परवान्याची प्रत, अनुक्रमांकाचे फोटो आणि बंदूक मुलीच्या ताब्यात गेल्याची दुकानदाराची पावती एका पाकिटात घालून ठेवावी. काकांचे ते पाकीट आता त्यांच्या मृत्युपत्राच्या फाइलमध्ये आहे, आणि ते पिवळे पडलेले काडतूस त्यांनी गावच्या पोलीस ठाण्यात जमा केले.